घरातले रोजचे आवाज यंत्राने ओळखावेत, यासाठी काय करता येईल?

पडघम | रविवार, सकाळी १०:०५

नमस्कार. माझ्या आईला वयोमानाने कमी ऐकू येऊ लागले आहे. श्रवणयंत्र आहे, परंतु स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज त्यातून फार कर्कश येतो, म्हणून ती ते काढून ठेवते. नेमक्या त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या, दाराची घंटा, उघडा राहिलेला नळ आणि गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज तिच्या लक्षात येत नाही. हे चार आवाज ओळखून तिच्या मनगटावरील पट्ट्याला कंप देईल, असे एखादे उपकरण घरच्या घरी तयार करावे, असा माझा विचार आहे.

हाताशी एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावेल एवढा संगणक) आणि एक जुना अँड्रॉइड फोन आहे. गूगलचे यॅमनेट हे तयार मॉडेल मी चालवून पाहिले. ते ५२१ प्रकारचे आवाज ओळखते आणि त्यांत तबला, सतार, कावळा, इतकेच काय, आइस्क्रीमच्या गाडीची धूनही आहे. परंतु कुकरच्या शिट्टीला तेथे स्वतंत्र स्थान नाही. आमचा कुकर त्याला कधी वाफ वाटतो, कधी फवारा, तर कधी आगगाडी. दाराची घंटा मात्र बऱ्यापैकी ओळखली जाते.

माझे प्रश्न असे: तयार मॉडेलवरच आपले आवाज शिकवता येतात का? त्यासाठी कशा प्रकारचे ध्वनिमुद्रण लागते? आणि अशा यंत्रावर कितपत विसंबून राहावे?

निरुपद्रवी | रविवार, सकाळी १०:३१

आमचा कुकर तिसऱ्या शिट्टीनंतर खरोखरच आगगाडीसारखा वागतो. आपल्या मॉडेलचे फार चुकले, असे मला वाटत नाही.

अरभाट | रविवार, सकाळी ११:१०

स्वतः काही तयार करण्यापूर्वी फोनमधील सोय तपासून पाहावी, असे सुचवतो. आयफोनमध्ये २०२० सालच्या आयओएस १४ पासून दाराची घंटा, दारावरची थाप, वाहते पाणी, बाळाचे रडणे, भोंगा इत्यादी आवाज ओळखण्याची सोय आहे आणि हे काम फोनमध्येच होते. आयओएस १६ पासून आपल्या घरातील विशिष्ट घंटा किंवा उपकरणाचा आवाज त्याला शिकवताही येतो. अँड्रॉइडवरही २०२० पासून अशाच ध्वनिसूचना आहेत. सूचना आल्यावर फोन थरथरतो आणि दिव्याची उघडझाप करता येते, त्यामुळे आपले निम्मे काम तेथेच भागेल.

पडघम | रविवार, सकाळी ११:४२

@अरभाट, घंटा आणि पाणी यांसाठी ही सोय नक्की वापरून पाहतो. परंतु आई फोन कोठेही ठेवते, बहुधा उशीखाली. ऐकणारे यंत्र एका जागी स्थिर असावे आणि सूचना देणारे तिच्या अंगावर असावे, अशी माझी कल्पना आहे.

कानोसा | रविवार, दुपारी १:२०

या विषयाशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यॅमनेट ध्वनीकडे चित्र म्हणून पाहते. सेकंदाला १६,००० नमुने या दराने आलेला ध्वनी २५ मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे हे मोजले जाते आणि ती वारंवारता ६४ पट्ट्यांत विभागली जाते. हे पट्टे सारख्या रुंदीचे नसून माणसाच्या कानाला स्वरांतील अंतर जसे जाणवते त्या मेल मोजपट्टीप्रमाणे, म्हणजे खाली अरुंद आणि वर रुंद, असे असतात. यातून सुमारे एका सेकंदाचे एक लहानसे चित्र तयार होते आणि पुढचे काम छायाचित्रातील वस्तू ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कसारखेच, म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यासारखेच, जाळे करते. हे मॉडेल ज्या ऑडिओसेट संग्रहावर शिकले, तो गूगलने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात यूट्यूबवरील वीस लाखांहून अधिक दहा-दहा सेकंदांचे तुकडे आहेत. तेथे जे वर्ग ठरवले गेले तेच त्याचे जग. आइस्क्रीमची गाडी त्या जगात आहे आणि कुकर नाही, याचे कारण एवढेच.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. मॉडेल नव्याने शिकवण्याची मुळीच गरज नाही. ५२१ वर्गांतून निवड करण्याच्या आधीच्या टप्प्यावर यॅमनेट प्रत्येक चित्रासाठी १,०२४ आकड्यांची एक ओळ देते. ती ओळ घ्यावी आणि तिच्यावर आपल्या चार आवाजांसाठी अगदी लहान वर्गीकरण यंत्रणा बसवावी. हे काम साध्या संगणकावर काही मिनिटांत होते आणि त्याला थोडे नमुने पुरतात.

कुकरसाठी मात्र एक विशेष सूचना आहे. आपण शिट्टी म्हणतो खरे, परंतु वजनाच्या झडपेतून सुटणारी वाफ सूर लावत नाही. तिची ऊर्जा सगळ्या वारंवारतांवर पसरलेली असते. म्हणून एका सेकंदाच्या चित्रात ती फोडणीसारखी, जोरात सोडलेल्या नळासारखी किंवा पावसासारखी दिसते. फरक दिसतो तो काळाच्या ओघात: आधी बारीक फुसफूस, मग एकाएकी झेप, काही सेकंदांचा जोर आणि उतार. नळ असा वागत नाही. तेव्हा एका सेकंदावर निर्णय देऊ नये. लागोपाठचे आठ-दहा सेकंद एकत्र पाहून द्यावा.

ओसरी | रविवार, दुपारी २:०५

मला या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजनच कळत नाही. टाकीसाठी बाजारात पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते बटण मिळते. घंटेच्या तारेला दिवा जोडता येतो. कुकरऐवजी वेळ लावून बंद होणारी इंडक्शन शेगडी घेता येते. जी गोष्ट थेट मोजता येते ती आवाजावरून का ताडायची? तीस वर्षे कारखान्यात काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या यंत्रात ‘बहुधा’ हा शब्द येतो, ते दुरुस्त करायला सोपे नसते.

पडघम | रविवार, दुपारी ३:१८

@ओसरी, आपला आक्षेप रास्त आहे आणि टाकीपुरता तो मी मान्यही करतो. परंतु घर भाड्याचे आहे, त्यामुळे तारांना हात लावता येत नाही, आणि आईला शेगडी बदलायची नाही. चार ठिकाणी चार संवेदक बसवण्यापेक्षा एकाच मायक्रोफोनवर भागले, तर उद्या पाचवा आवाजही त्यात घालता येईल, हा आवाजाच्या मार्गाचा मला दिसणारा लाभ आहे.

सह्यकडा | रविवार, सायंकाळी ५:५०

@कानोसा यांनी ‘थोडे नमुने पुरतात’ असे म्हटले आहे, त्यात एक पुस्ती जोडतो. नमुने किती यापेक्षा ते किती निरनिराळ्या प्रसंगी घेतले, याला महत्त्व आहे.

या क्षेत्रात अर्बनसाउंड८के नावाचा २०१४ सालचा एक प्रसिद्ध संग्रह आहे. त्यात भोंगा, हॉर्न, कुत्र्याचे भुंकणे, ड्रिलिंग अशा दहा शहरी आवाजांचे ८,७३२ तुकडे आहेत. परंतु अनेक तुकडे एकाच मूळ ध्वनिमुद्रणातून कापलेले आहेत. म्हणून संग्रहकर्त्यांनी त्याचे दहा भाग स्वतःच पाडून दिले आहेत आणि ते सरमिसळ करू नयेत असे बजावले आहे. कोणी सगळे तुकडे पिसून काही शिकवायला व काही तपासायला घेतले, तर एकाच कुत्र्याचे भुंकणे दोन्हीकडे येते आणि गुण भरघोस वाढतात. मॉडेलने भुंकणे ओळखलेले नसते. तो कुत्रा, ती गल्ली आणि तो मायक्रोफोन ओळखलेला असतो.

आपल्या घरातही हेच होईल. एका सकाळच्या सगळ्या शिट्ट्या एकाच बाजूला ठेवा, शिकवायला तरी किंवा तपासायला तरी. डाळीचा कुकर वेगळा, बटाट्याचा वेगळा. खिडकी उघडी असताना वेगळा, चिमणी चालू असताना वेगळा. आणि आपल्याला हव्या असलेल्या आवाजांपेक्षा नको असलेल्या आवाजांचा साठा कितीतरी मोठा असू द्या. मिक्सर, भांडी, दूरदर्शनवरील मालिका, खुर्ची सरकवणे, खोकला, हे सगळे ‘इतर’ या वर्गात लागते. त्या वर्गाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत आणि नंतर घोटाळे तेथूनच निघतात.

निरुपद्रवी | रविवार, सायंकाळी ६:१५

मालिकांतील दाराची घंटा हा स्वतंत्र वर्ग ठेवावा लागेल. ती दर भागात वाजते आणि दाराशी नेहमी चुकीचा माणूस असतो.

हिशेबनीस | रविवार, रात्री ८:४०

थोडा हिशेब मांडतो. यॅमनेटची खिडकी, म्हणजे ते एका वेळी पाहते तो सुमारे एका सेकंदाचा तुकडा, ०.४८ सेकंदाने पुढे सरकते. म्हणजे चोवीस तासांत ते १,८०,००० वेळा निकाल देते. आपले मॉडेल शांत किंवा असंबद्ध आवाजांवर ९९.९ टक्के वेळा बरोबर आहे असे धरले, तरी दिवसाला १८० खोटे इशारे येतील. खऱ्या शिट्ट्या आणि घंटा मिळून दिवसात किती? वीस-पंचवीस. अशा स्थितीत पट्टा थरथरला की तो खोटाच असण्याची शक्यता अधिक, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या मातोश्री तो पट्टा खुंटीला टांगतील.

म्हणून ‘अचूकता इतके टक्के’ हे माप या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. दिवसाला खोटे इशारे किती आणि खऱ्यांपैकी सुटले किती, हे दोनच आकडे वहीत मांडावेत.

कानोसा | रविवार, रात्री ९:२५

@हिशेबनीस, दिशा अगदी योग्य आहे, परंतु १८० हा आकडा प्रत्यक्षात इतका सरळ येत नाही. लगतच्या खिडक्या एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या असतात, त्यामुळे चुकाही घोळक्याने येतात: मिक्सर दोन मिनिटे चालला, तर त्या दोन मिनिटांतील पन्नास चुका हा खरे तर एकच खोटा इशारा असतो. शिवाय ‘सलग इतक्या खिडक्यांत खात्री असली तरच इशारा’ आणि ‘एकदा इशारा दिल्यावर इतके सेकंद गप्प’ असे दोन साधे नियम घातले, तर संख्या पुष्कळ उतरते. आपली मूळ सूचना मात्र मी भिंतीवर लिहून ठेवावी अशा योग्यतेची मानतो.

चौकातला | सोमवार, सकाळी ७:५५

हिशेबनीसांच्या मुद्द्याला अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तोंड द्यावे लागले आहे. शॉटस्पॉटर ही यंत्रणा शहरात ठिकठिकाणी मायक्रोफोन लावून बंदुकीचा बार ओळखते, आवाज कोणत्या मायक्रोफोनला किती आधी पोचला यावरून जागा काढते आणि पोलिसांना कळवते. शिकागोच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२१ मध्ये सुमारे ५०,००० इशाऱ्यांचा आढावा घेतला, तेव्हा दहांपैकी जेमतेम एका इशाऱ्याच्या मागे बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा नोंदलेला आढळला. पुरावा सापडला नाही म्हणजे बार झालाच नव्हता असे सिद्ध होत नाही, हेही खरे. परंतु पोलीस मात्र प्रत्येक वेळी बंदूकधारी माणूस असेल या समजुतीने तेथे पोचतात. २०२४ मध्ये त्या शहराने ही सेवा थांबवली. अशा यंत्रणेला दिवाळीत आपल्याकडे आणून ठेवावे, म्हणजे तिचा खरा कस लागेल.

गिरगावकर_मूळचा | सोमवार, सकाळी ९:३०

दिवाळीचा विषय निघालाच आहे, तर शहरातील ध्वनिमापनाविषयी लिहितो, कारण प्रश्न तोच आहे, फक्त घराऐवजी रस्ता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने सात शहरांत ७० स्वयंचलित ध्वनिमापन केंद्रे उभारली. त्यांतील दहा मुंबईत आहेत. ही केंद्रे आवाजाची पातळी सांगतात, आवाज कशाचा ते सांगत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यालगत ती ओलांडलेलीच दिसते. केंद्राने ७८ असा आकडा दाखवला, तर तो बसचा, ढोल-ताशाचा, खोदकामाचा की केंद्राशेजारच्या झाडावरील कावळ्यांच्या सभेचा, हे कळायला मार्ग नाही. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, असा प्रयोग केला होता. कल्पना खुमासदार होती. पण हॉर्न न वाजवणाऱ्यालाही तीच शिक्षा भोगावी लागत होती.

ओसरी | सोमवार, सकाळी १०:१०

नियम पातळीवर आधारलेला आहे. आवाज कोणाचाही असो, मर्यादा ओलांडली की ओलांडली. वर्गीकरणाने त्यात काय भर पडणार?

गिरगावकर_मूळचा | सोमवार, दुपारी १२:२५

@ओसरी, नियम फक्त पातळीवर थांबत नाहीत. २०१० च्या दुरुस्तीनुसार शांतता क्षेत्रात, तसेच रात्री निवासी भागात, आणीबाणी वगळता हॉर्न वाजवण्यास मनाई आहे. रात्री आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत. बांधकामाची आवाज करणारी यंत्रे रात्री निवासी भागात चालवता येत नाहीत. येथे कायद्याने स्रोताचे नावच घेतले आहे. ध्वनिवर्धकावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, परंतु राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. म्हणजे यंत्राला स्रोतही ओळखता आला पाहिजे आणि दिनदर्शिकाही वाचता आली पाहिजे.

न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘साउंड्स ऑफ न्यूयॉर्क सिटी’ हा प्रकल्प नेमक्या याच कारणाने सुरू केला. त्यांनी पन्नासहून अधिक संवेदक शहरात बसवले, पातळी अखंड मोजली आणि वर्गीकरण शिकवण्यासाठी दहा-दहा सेकंदांचे सुटे तुकडे गोळा केले. पातळी आणि प्रकार एकत्र आल्याशिवाय तक्रारीचे निवारण होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सह्यकडा | सोमवार, दुपारी १:०२

त्या दहा सेकंदांच्या तुकड्यांमागे खाजगीपणाचा विचार होता, हेही येथे नोंदवावे. सुटे व विखुरलेले तुकडे असल्याने रस्त्यावरील संभाषण सलग हाती लागत नाही.

शेवंता_काकी | सोमवार, दुपारी ३:४०

खाजगीपणाचा विषय मी घराबाबत काढणारच होते. पडघम, आपल्या घरात आईंशिवाय आणखी कोण येते? पोळ्या करणाऱ्या बाई, भांड्यांना येणाऱ्या मावशी, दुपारी गप्पांना येणाऱ्या शेजारणी. त्या सगळ्या जणी स्वयंपाकघरात मोकळेपणाने बोलतात, आणि ओट्यावरचा मायक्रोफोन ते ऐकणार आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळला आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून सौजन्य संपत नाही. त्यांना विचारावे, आणि ध्वनिमुद्रण कोठे साठते आहे ते दाखवावे.

पडघम | सोमवार, रात्री ८:१५

@शेवंता_काकी, आपला मुद्दा मी मनावर घेतला आहे. दोघींनाही यंत्र दाखवले. नमुने गोळा करताना मी स्वतः घरी असेन आणि बोलणे आलेले तुकडे पुसून टाकीन. नंतर चालू यंत्रात ध्वनी साठवायचाच नाही. रास्पबेरी पायमध्ये एका सेकंदाचे चित्र तयार व्हावे, निकाल लागावा आणि ते नष्ट व्हावे, अशी रचना करतो. भांड्यांच्या मावशींनी ‘मी आले की आईंना कळेल असे काही करा, मी दार ठोठावून थकते’ अशी मागणी नोंदवली आहे, त्यामुळे पाचवा आवाज ठरला.

कानोसा | सोमवार, रात्री ९:००

जुना फोन मायक्रोफोन म्हणून वापरणार असाल, तर एक अडचण आधीच सांगतो. फोन हे बोलणे ऐकण्यासाठी बनवलेले असल्याने बहुतेक वेळा त्यांत आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी आणि गोंगाट कापणारी यंत्रणा चालू असते. तिच्या दृष्टीने माणसाचे बोलणे महत्त्वाचे आणि वाफेची फुसफूस हा गोंगाट, म्हणजे आपल्याला जे हवे तेच ती पुसते. अँड्रॉइड ७ पासून प्रक्रिया न केलेला ध्वनी मागण्याची सोय आहे, परंतु प्रत्येक फोन ती देतोच असे नाही. पायला जोडलेला लहानसा डिजिटल मायक्रोफोन अधिक बरा. तो शेगडीच्या थेट वर लावू नका, वाफ आणि तेल दोन्ही त्याला बाधतात. चिमणीच्या झोताच्या बाहेर, ओट्यापासून थोडा दूर लावा. आणि ज्या मायक्रोफोनवर शिकवाल त्याच्यावरच, त्याच जागी, चालवा.

कोकणवारा | सोमवार, रात्री १०:२०

आमच्याकडे पत्र्याचे छप्पर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे माणसाला माणसाचे ऐकू येत नाही, तेथे यंत्राचे काय चालणार? उन्हाळ्यात शिकवलेले मॉडेल पहिल्या पावसात बुडेल.

सह्यकडा | मंगळवार, सकाळी ८:०५

@कोकणवारा, यावर दोन प्रचलित उपाय आहेत. पाऊस, पंखा, मिक्सर यांचे मुद्रण वेगळे करावे आणि संगणकावर ते शिट्टीच्या नमुन्यांत कमी-अधिक जोराने मिसळून कृत्रिम नमुने तयार करावेत. म्हणजे मेमध्येच जुलैचा सराव होतो. दुसरा उपाय असा की, प्रत्येक वारंवारतेच्या पट्ट्यात मागील काही क्षणांची सरासरी ऊर्जा काढावी आणि आताची ऊर्जा तिच्या तुलनेत मोजावी. संथ, एकसारखा आवाज त्यामुळे मागे पडतो आणि एकाएकी आलेला पुढे येतो. मात्र तुमच्या पत्र्यावर मुसळधार कोसळत असेल, तेव्हा शिट्टीची ऊर्जा पावसाखाली पूर्ण दबते आणि त्यावर कोणतेही गणित चालत नाही.

दुसऱ्या उपायात पडघम यांच्यासाठी एक अडचणही आहे. उघडा नळ हाही संथ, एकसारखाच आवाज आहे. तो पुसला गेला, तर यंत्र नळाकडे दुर्लक्ष करील. नळासाठी वेगळी वाट ठेवावी लागेल.

रानवाट | मंगळवार, सकाळी ९:४५

पक्षिनिरीक्षकांच्या अनुभवातून एक गोष्ट सुचवतो. कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि जर्मनीतील केमनिट्झ तंत्र विद्यापीठ यांनी तयार केलेले बर्डनेट तीन-तीन सेकंदांचे तुकडे ऐकून पक्षी ओळखते. त्याला केवळ ध्वनी न देता ठिकाण आणि वर्षातील आठवडाही देता येतो. मग त्या काळात तेथे न आढळणारे पक्षी यादीतून गळतात. भर उन्हाळ्यात तांबटाचा एकसुरी ठोका सुरू असतो, तेव्हा शेजारच्या बांधकामावरील हातोडीशी त्याचा गोंधळ होऊ शकतो, आणि ठिकाण-काळाची अट बरीच बिनबुडाची नावे आधीच वगळते.

आपल्या घरात हेच घड्याळाने साधेल. कुकर सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळात लागत असेल, तर त्या वेळात यंत्राने कमी खात्रीवरही इशारा द्यावा आणि रात्री दोन वाजता फार मोठी खात्री असल्याशिवाय देऊ नये. हिशेबनीसांचे बरेचसे खोटे इशारे अशा रीतीने झोपेच्या वेळेतच गळून जातील.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०:३०

@रानवाट, उत्तम सूचना. घंटेला मात्र हा नियम लावू नये. रात्री दोनला वाजलेली घंटा दुर्मिळ असते, आणि म्हणूनच ती सुटता कामा नये.

मंद्रसप्तक | मंगळवार, दुपारी २:१५

मी श्रवणतज्ज्ञ आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात उंच वारंवारता आधी जातात, त्यामुळे घंटेचा बारीक सूर व वाफेची फुसफूस सुटते आणि मिक्सरचा खर्ज मात्र ऐकू येतो. त्यामुळे सूचना दुसऱ्या एखाद्या बारीक बीपने देण्यात अर्थ नाही. कंप आणि दिवा हेच बरोबर. प्रत्येक आवाजाला कंपाची वेगळी लय द्यावी, पण तीनपेक्षा अधिक लयी लक्षात राहत नाहीत, असा माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचा अनुभव आहे. कोणते तीन, हे आईंनाच ठरवू द्यावे.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नाही, म्हणून देते. गॅसगळती आणि धूर यांसाठी या यंत्रावर अजिबात विसंबू नये. त्यासाठी स्वतंत्र शोधकच लावावा. तो ध्वनी ओळखत नाही, वायू किंवा धूर थेट मोजतो. @ओसरी यांचा आक्षेप या दोन बाबतींत शंभर टक्के लागू आहे. त्या शोधकाचा भोंगा ओळखणे हे काम मात्र आपल्या यंत्राला द्यायला हरकत नाही, कारण त्याचा सूर ठरलेला असतो आणि त्याची लयही ठरावीक असते. ओळखायला तो सगळ्यांत सोपा.

ओसरी | मंगळवार, दुपारी ३:००

कोणीतरी शंभर टक्के म्हणाले. धागा सार्थकी लागला.

अरभाट | मंगळवार, सायंकाळी ६:४०

एक कुतूहल. माणूस स्वतः या कामात किती चांगला असतो?

सह्यकडा | मंगळवार, सायंकाळी ७:२०

@अरभाट, ईएससी-५० नावाचा २०१५ सालचा संग्रह आहे: ५० प्रकारचे, प्रत्येकी ४० असे पाच सेकंदांचे २,००० तुकडे. त्यावर माणसांची चाचणी घेतली तेव्हा सरासरी ८१.३ टक्के उत्तरे बरोबर आली. रडणारे बाळ आणि कुत्रा जवळजवळ सगळ्यांनी ओळखले. गोंधळ झाला तो वाऱ्यासारख्या आणि यंत्रांच्या घरघरीसारख्या आवाजांत. आजची मॉडेले त्या संग्रहावर ९५ टक्क्यांच्या पुढे जातात. परंतु त्या परीक्षेत प्रत्येक तुकड्यात एकच आवाज असतो आणि तो पन्नासांपैकी एक असतोच. स्वयंपाकघरात तीन आवाज एकदम चालू असतात आणि चौथा कोणत्याच यादीत नसतो. शिवाय माणसाला आपण काय शिजत ठेवले आहे हे ठाऊक असते, ते यंत्राला नसते.

पडघम | शनिवार, सकाळी ११:३०

सर्वांचे आभार. या आठवड्यात जे केले ते नोंदवतो. यॅमनेटच्या १,०२४ आकड्यांवर लहान वर्गीकरण बसवले, नमुने दिवसांप्रमाणे वेगळे ठेवले आणि निर्णय दहा सेकंदांच्या पट्टीवर नेला. रानवाट यांचे घड्याळ लावल्यावर रात्रीचे खोटे इशारे जवळजवळ थांबले. नळासाठी सह्यकडा म्हणतात तशी वेगळी वाट ठेवली: पाण्यासारखा आवाज सलग दोन मिनिटे चालला तरच इशारा. आईने कुकर, घंटा आणि नळ हे तीन निवडले. मावशींची थाप तिने घंटेच्याच लयीत घालायला सांगितली. टाकीसाठी तरंगते बटण आणणार आहे.

एक नवीच अडचण उभी राहिली आहे. आमच्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. शेजारचा कुकर वाजला की आईचा पट्टा थरथरतो. ती उठून जाते, तर आमच्या शेगडीवर काहीच नसते. वर्गीकरणाच्या दृष्टीने यंत्राचे उत्तर बरोबर आहे, शिट्टी कुकरचीच आहे. फक्त डाळ दुसऱ्यांची शिजली आहे.

निरुपद्रवी | शनिवार, सकाळी ११:४८

शेजाऱ्यांकडे काय शिजते आहे याची इतकी तत्पर माहिती पूर्वी चाळीत विनायंत्र मिळत असे.

कानोसा | शनिवार, दुपारी १२:४०

हा ओळखण्याचा प्रश्न राहिलेला नाही, जागेचा झाला आहे. केवळ जोरावर मर्यादा घातली, तर चिमणी चालू असताना आपलीही शिट्टी सुटेल. सोपा उपाय असा की दुसरा मायक्रोफोन डक्टच्या खिडकीशी लावावा. दोन्हींकडे एकाच घड्याळाने मुद्रण होऊ द्यावे आणि शिट्टीची झेप कोठे आधी पोचली ते पाहावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दोन मायक्रोफोनांत दोन मीटर अंतर असेल, तर फरक सहा मिलिसेकंदांपर्यंत येतो आणि तो सहज मोजता येतो. खिडकीशी आधी आली तर शेजारची, ओट्याशी आधी आली तर आपली. पॅरिसमध्ये ब्रुइपारिफ ही संस्था चार मायक्रोफोनांचे उपकरण रस्त्यावर लावून आवाजाची दिशा याच तत्त्वावर काढते. आपल्याला दोन पुरतील.

मात्र दोन्ही मायक्रोफोन एकाच पायला जोडलेले हवेत. फोन आणि पाय अशी जोडी केली, तर त्यांची घड्याळे सहा मिलिसेकंदांपुरतीही एकमेकांशी जुळणार नाहीत.

पडघम | शनिवार, दुपारी १:१५

हे नक्की करून पाहतो. तोपर्यंत एक विनंती: आमच्याकडे वजनाच्या शिट्टीचा एकच कुकर आहे. ज्यांच्याकडे आतल्या बाजूने बसणाऱ्या झाकणाचा किंवा फार जुना कुकर असेल, त्यांनी बोलणे न येईल अशा बेताने काही शिट्ट्या मुद्रित करून पाठवल्या, तर आईने कुकर बदलला तरी यंत्र अडणार नाही.

शेवंता_काकी | शनिवार, दुपारी २:०५

माझ्याकडे दोन्ही आहेत. जुन्या कुकरची शिट्टी वाजण्याआधी बराच वेळ थबकते, तेवढे लक्षात ठेवा, नाहीतर आपल्या दहा सेकंदांच्या पट्टीत ती बसणार नाही. उद्या राजमा आहे, मुद्रण करून पाठवते.